धोतर कवायतीला का आले नाही

स्कॉटलंडमधल्या बालवीर पथकांना गणवेशात खाकी चड्डीऐवजी किल्ट नेसण्याची मुभा आहे, आणि ती चळवळीच्या सुरुवातीच्या काळापासून चालत आली आहे. वर शर्ट तोच, गळ्यातला स्कार्फ तोच, शिट्टी आणि दोर तेच. कमरेखाली मात्र चौकड्यांच्या लोकरी कापडाचा, मागे निऱ्यांचा घोळ असलेला आणि गुडघ्यावर संपणारा किल्ट. बॉय स्काउट चळवळीचा संस्थापक बेडन-पॉवेल हा शिस्तीचा माणूस. गणवेशाने मुलामुलांतला भेद पुसला जातो, असे तो सांगत असे. त्याने ही सवलत का दिली असावी, हा प्रश्न स्कॉटलंडात कोणाला पडत नाही. तो बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात बसून विचारला म्हणजे त्याला धार येते. या भागातल्या शाळांत बालवीरांची पथके उभी राहिली त्या काळात मुलांचे बाप धोतर नेसत होते आणि आजेही. मराठी घरात धोतर होते, कानडी घरातही होते. मग धोतर बालवीराच्या गणवेशात का आले नाही? स्कॉटिश मुलाला आजोबांचा पोशाख घालून कवायत करता येते आणि बेळगावच्या मुलाला येत नाही, याचे ठरलेले उत्तर ‘सोय’ असे दिले जाते. धोतर सुटते, पायात येते, झाडावर चढता येत नाही, वगैरे. हे उत्तर मला अपुरे वाटते. किल्ट गणवेशात शिरला तो लोकपोशाख म्हणून शिरलाच नाही. लष्कराने आधी त्याला शिक्का मारला होता, म्हणून तो शिरला. धोतराला तो शिक्का कधी मिळाला नाही, आणि बेळगावसारख्या छावणीच्या गावात या गोष्टीला मोठे वजन होते.

किल्टची गोष्ट आधी नीट पाहिली पाहिजे, कारण ती जुनी वाटते तितकी जुनी नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लोक पूर्वी एक लांबलचक, न शिवलेले लोकरी वस्त्र अंगाभोवती घेत. जमिनीवर पसरायचे, हाताने निऱ्या घालायच्या, वर आडवे होऊन पट्टा आवळायचा आणि उरलेला पदर खांद्यावर टाकायचा. यातला खालचा भाग वेगळा होऊन आखूड किल्ट झाला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्याचे श्रेय टॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रज लोखंड कारखानदाराला देणारा एक पक्ष आहे आणि ते ऐकून संतापणारा दुसरा. तो वाद इथे सोडवायची गरज नाही. वादाबाहेरची गोष्ट अशी की 1746 साली, त्या डोंगराळ भागातले बंड मोडून काढल्यावर, ब्रिटिश पार्लमेंटने डोंगरी पोशाखावर कायद्याने बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी. या कायद्यातून एकच वर्ग वगळला होता, राजाच्या लष्करातले हायलंडर शिपाई. बंदी 1782 पर्यंत, म्हणजे तब्बल 36 वर्षे टिकली. एवढ्या काळात किल्ट जगला तो मुख्यतः पलटणीत. खेड्यातल्या माणसाला तो गुन्हा होता, सरकारी शिपायाला भूषण होते. त्याच शतकाच्या अखेरीस निऱ्या कायमच्या शिवून टाकलेला किल्ट दिसू लागतो, आणि तोही लष्करी शिंप्याच्या हातचा. चौकड्यांचे कापड बॅनकबर्नच्या विल्सन कंपनीसारखे कारखानदार पलटणींना ठरलेल्या नमुन्यांत पुरवत. पुढे 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताचा असा थाट उभा केला की सगळे स्कॉटलंड जणू पूर्वापार किल्टमध्येच वावरत आले आहे. राजाने स्वतः किल्ट नेसला. बंदी घातलेला डोंगरी वेष 76 वर्षांत राष्ट्राचा दरबारी पोशाख झाला तो छावणीच्या वाटेने. 1908 नंतर बेडन-पॉवेलच्या चळवळीत स्कॉटिश मुले किल्ट नेसून आली तेव्हा नियम करणाऱ्यांपुढे खेडवळ वस्त्र नव्हतेच. त्यांच्यापुढे शंभराहून अधिक वर्षे संचलनात मिरवलेला, शिवलेला, मोजमाप ठरलेला लष्करी पोशाख होता. त्याला नाही म्हणण्याचे कारण नव्हते.

आता हिंदुस्थानी शिपायाच्या अंगावरचे कपडे पाहू. अठराव्या शतकात कंपनी सरकारने देशी पलटणी उभारल्या, त्यात आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची सर्वांत जुनी, 1768 सालची पलटणही आली. त्या काळच्या चित्रांत कंपनीचा शिपाई कसा दिसतो? वर तांबडा कोट, डोक्याला पगडीवजा शिरोभूषण, आणि खाली मांडीपर्यंतचा पांढरा जांघिया. गुडघे उघडे. अंगाचा वरचा भाग साहेबाच्या पलटणीचा आणि खालचा तालमीचा, अशी ती जोड होती, आणि ती काही दशके बिनतक्रार चालली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जांघिया गेला, लांब विजार आली. हा बदल कोणाला फारसा खुपल्याचे दिसत नाही. डोक्याला हात लावल्यावर मात्र आग लागली. 1806 साली मद्रास लष्कराच्या अधिकाऱ्यांनी नव्या धाटणीची पगडी, तिच्यावरचा चामड्याचा तुरा, दाढी आणि कपाळावरचे गंध यांबद्दल हुकूम काढले, आणि 10 जुलैच्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यात शिपाई उठले. बंड चिरडले गेले, पण हुकूमही मागे घ्यावे लागले. यातून इंग्रजांनी जो धडा घेतला तो पुढे शंभर वर्षे टिकला. शिपायाच्या डोक्यावर काय असावे ते त्याच्या जातीधर्माला विचारून ठरवावे. कमरेखाली काय असावे ते सरकारने ठरवावे. म्हणून फेटा, साफा, पटका हे सारे हिंदी लष्करात मानाने राहिले, त्यांच्या बांधणीवरून पलटण ओळखू येऊ लागली. धोतराला मात्र कोणी विचारले नाही, आणि धोतरासाठी कोणी बंडही केले नाही.

बेळगाव हे या सगळ्या व्यवहाराचे गाव आहे. 10 एप्रिल 1818 रोजी टॉमस मन्रोने इथला किल्ला घेतला. मन्रो ग्लासगोचा. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन स्कॉटिश, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ स्कॉटिश, माल्कम स्कॉटिश. पेशवाई बुडवून तिचा मुलूख लावून देणाऱ्या मंडळींत स्कॉटलंडच्या माणसांची ही दाटी योगायोगाची नाही. तिकडच्या गरीब पण शिकलेल्या घरांतल्या धाकट्या मुलांना कंपनीची नोकरी हाच मोठा आधार होता. निपाणीचा संबंध आणखी आधीचा आहे. 1803 च्या मोहिमेत पेशव्यांच्या वतीने जनरल वेल्स्लीबरोबर जी मराठा फौज गेली तिच्यात निपाणीचे आप्पा देसाई, म्हणजे सिद्धोजीराव निंबाळकर, होते. त्याच मोहिमेत 23 सप्टेंबर रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या तोफांवर चालून गेलेल्या वेल्स्लीच्या सैन्यात 74 वी आणि 78 वी या दोन हायलंडर पलटणी होत्या. निपाणीच्या स्वारांनी या डोंगरी गोऱ्यांबरोबर एकाच छावणीच्या आसऱ्याने मुक्काम केले होते. हिंदुस्थानच्या उकाड्यात या पलटणींचा किल्ट कित्येकदा पेटीत जाई आणि पांढरी विजार बाहेर येई. सोयीचा मुद्दा पुढे येणार आहे, तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

किल्ल्याच्या पश्चिमेला पुढे कँप वसला. 1922 पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे, 1945 साली इथे किंग जॉर्जच्या नावाची लष्करी शाळाही निघाली. शहराच्या एका अंगाला सतत बिगूल वाजत असला की नीटनेटके दिसणे म्हणजे काय, हे छावणी ठरवते. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची शेतकऱ्यांची पोरे इथे भरतीला येत ती धोतरात किंवा पंच्यात, आणि काही महिन्यांनी खाकी चड्डी, पायाला पट्ट्या, घासून चकचकीत केलेले बूट अशा थाटात रजेवर गावी जात. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात ज्या मराठा पलटणी सडल्या, त्यांतून परतलेल्या माणसांनी गावोगाव खाकीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती कोणत्याही सरकारी फर्मानाने मिळाली नसती. रेजिमेंटच्या पाइप बँडने तर उपहास वाटावा इतकी गंमत केली आहे. सह्याद्रीतल्या मुलांनी स्कॉटलंडची बॅगपाइप उचलली. भारतीय लष्करातल्या पाइप बँडांच्या खांद्यावर चौकड्यांचे कापडही रुळले. किल्टचा हा नातलग बेळगावच्या संचलन मैदानावर आला, आणि मैदानाच्या कुंपणाबाहेर धोतर नेसून उभे असलेले लोक तो पाहत राहिले.

बालवीर चळवळ हिंदुस्थानात आली तीही छावणीच्या बाजूने. 1909 साली कॅप्टन बेकरने बंगळूरला पहिले पथक काढले, आणि पुढच्या एकदोन वर्षांत खडकी, लोणावळा, जबलपूर, सिमला अशा ठिकाणी पथके निघाली. ही ठिकाणे नकाशावर पाहिली तर लष्कर, रेल्वे आणि थंड हवा यांचाच तो नकाशा आहे. ही पथके गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. हिंदी मुलांना दार बंद होते, म्हणून हिंदी माणसांनी आपली दारे काढली. 1917 च्या सुमारास ॲनी बेझंटबाईंनी मद्रासला इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन काढली, 1918 मध्ये मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समितीची संघटना उभी केली. बेझंटबाईंनी काय बदलले आणि काय तसेच ठेवले, ते इथे फार बोलके आहे. मुले ‘वंदे मातरम्’ म्हणत. डोक्यावर बेडन-पॉवेलच्या रुंद काठाच्या हॅटऐवजी पगडी आली. कमरेखाली चड्डीच राहिली. हिंदी गणवेश करायला निघालेल्या बाईंनीसुद्धा नेमकी तीच सीमारेषा पाळली जी वेल्लोरनंतर लष्कराने आखली होती. डोके देशी, पाय सरकारी. 1921 मध्ये बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आला, बेझंटबाईंची संघटना त्याच्या संघटनेत मिसळली, सेवा समिती बाहेर राहिली. भांडण राजनिष्ठेच्या शपथेचे होते. 1937 मध्ये तो पुन्हा आला आणि हिंदी लोकांच्या चारित्र्याबद्दल असे काही बोलून गेला की पुष्कळ पथके संतापून बाहेर पडली आणि 1938 मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन निघाली. शपथेवरून भांडले, ध्वजावरून भांडले, अपमानावरून भांडले. चड्डीवरून कोणी भांडले नाही.

आता सोयीचा आक्षेप घेऊ. धोतराने धावपळ होत नाही, असे म्हणणाऱ्याने धोतराचे एकच रूप पाहिलेले असते, सोगा सोडलेले, कचेरीत बसणारे. घटप्रभेच्या किंवा वेदगंगेच्या काठी तंबाखूच्या फडात राबणारा माणूस धोतराचा काचा मारून दिवसभर वाकत असतो. त्याचे धोतर मांडीवर असते, पायात येत नाही. मोटेच्या बैलांमागे, होडीत, चढणीवर, लेझमीच्या फेरात हेच चालत होते. वारकरी आळंदीहून पंढरीपर्यंत धोतरात चालत जातो, आणि वाटेत रिंगणात धावतोही. म्हणजे आखूड नेसलेल्या धोतरात न होणारे असे बालवीराच्या कामात फार थोडे होते. शिवाय सोयीचीच कसोटी लावायची तर किल्टचे काय? पूर्ण घेराच्या किल्टला सात-आठ वार लोकरी कापड लागते. म्हणजे आमच्याकडच्या नऊवारी लुगड्याच्या जवळपास कापड, आणि तेही भिजले की ओले घोंगडे. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलाने हायलंडरांच्या किल्टचे काय हाल केले, विषारी वायूने उघड्या मांड्यांचे काय केले, हे जगजाहीर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच ब्रिटिश लष्कराने तो लढाईच्या पोशाखातून काढला. तरी बालवीरांत तो राहिला. गैरसोयीचा पोशाखही ज्याच्या पाठीशी मान आहे त्याला चालतो. सोयीचाही ज्याच्या पाठीशी मान नाही त्याला चालत नाही. सोय हा शब्द इथे पुष्कळसा नंतर सुचलेला आहे.

हे म्हणणे कसाला लावायला बेळगावातच 1924 सालचा प्रसंग आहे. 26 आणि 27 डिसेंबरला टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले असे हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी ते उभे केले, पाण्यासाठी विहीर खणली ती आजही काँग्रेस विहीर म्हणून दाखवतात. मांडवाचा बंदोबस्त ज्यांच्याकडे होता त्या स्वयंसेवकांचे नेते डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर. मूळ धारवाडचे, शिक्षणासाठी अमेरिकेत मिशिगनला जाऊन आलेले, 1923 च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात तुरुंग पाहिलेले. त्याच वर्षाअखेर काकिनाड्याला त्यांनी हिंदुस्थानी सेवा दल काढले आणि हुबळीहून ते चालवले. या स्वयंसेवकांपुढे तर शपथेची अडचण नव्हती, साहेबाचा नियम नव्हता. कापड खादीचे होते. कुमरी आणि हुदलीच्या बाजूला गंगाधररावांनी खादीचे काम पुढे उभे केले, शहापूरचे विणकर तर गावाच्या कुशीतच होते. धोतराला याहून चांगला मुहूर्त मिळणे शक्य नव्हते. तिकडे व्यासपीठावर अध्यक्ष बसले होते ते 1921 च्या सप्टेंबरात मदुरेला धोतरसुद्धा टाकून गुडघ्यावरचा पंचा नेसलेले. त्यांच्याइतके उघडे गुडघे त्या मांडवात कोणाचे नव्हते. आणि तरी सेवा दलाने कवायतीसाठी गणवेश निवडला तो शर्ट आणि अर्ध्या विजारीचा. कापड चरख्याचे, शिवण छावणीची. काँग्रेसमधल्या पुष्कळ थोरांना सेवा दलाच्या या लष्करी वळणाची धास्ती वाटे. ते अहिंसेच्या अंगाने बोलत, कपड्याच्या अंगाने नव्हे. 1928 मध्ये कलकत्त्याला सुभाषबाबू सेनापतीच्या पोशाखात स्वयंसेवकांपुढे उभे राहिले तेव्हा गांधीजींनी नापसंती दाखवली, पण तोपर्यंत गोष्ट हातची गेली होती. नागपुरात 1925 मध्ये निघालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघानेही खाकी अर्धी चड्डीच घेतली आणि ती 2016 पर्यंत वापरली. एकमेकांशी पटत नसलेल्या संघटनांचे कमरेखाली मात्र एकमत होते. शिस्तीचे चित्र डोळ्यांपुढे आणायचे म्हटले की सर्वांनाच एकच चित्र दिसत होते, आणि ते कँपातल्या मैदानाचे होते.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप सोयीचा नाही, समतेचा आहे, आणि त्याला मान खाली घालून उत्तर द्यावे लागते. धोतर हे एक वस्त्र नव्हते. ब्राह्मणाचे धोतर वेगळे, लिंगायत व्यापाऱ्याचे वेगळे, कुणब्याचे वेगळे. काठ, लांबी, निऱ्या, काष्टा यांवरून माणसाची जात दहा पावलांवरून सांगता येई. मुसलमान मुलगा धोतर नेसणार नव्हता, कोकणीभाषक ख्रिस्ती मुलगाही नाही. गुडघा झाकावा की उघडा ठेवावा याला इथे जातीचा अर्थ होता. एप्रिल 1925 मध्ये डॉ. आंबेडकर निपाणीला बहिष्कृतांच्या प्रांतिक परिषदेसाठी आले होते. त्याच आंबेडकरांनी 1927 च्या डिसेंबरात महाडला स्त्रियांना सांगितले की तुमची लुगडी नेसण्याची तऱ्हा बदला, जात ओळखू येईल असे नेसू नका. ज्याच्यावर आखूड नेसणे लादले गेले होते त्याला काचा मारलेल्या धोतराचे कौतुक सांगणे हा निर्दयपणा झाला असता. त्या मुलाला खाकी चड्डीत पहिल्यांदा असा पोशाख मिळाला जो कोणाच्याच बापाचा नव्हता. मराठी, कानडी, उर्दू, कोकणी बोलणारी पोरे एका रांगेत उभी करायची असतील तर असाच परका कपडा हवा होता. हे मला मान्य आहे. बेळगावसारख्या गावात तर हे कारण पुण्यापेक्षा दुप्पट खरे आहे. फक्त एवढे म्हणायचे की ही समता देण्याची ताकद त्या चड्डीत तिच्या परकेपणाने आली, तशीच तिच्यामागे उभ्या असलेल्या सत्तेनेही आली. तितकाच परका दुसरा कोणताही कपडा, समजा पायजमा, हेच काम करू शकला असता. पायजम्यामागे संचलन नव्हते. आणि स्कॉटलंडातही चौकड्यांवरून घराणी सांगायची रीत आहेच. एकोणिसाव्या शतकात बरीचशी बनावट पुस्तके छापून ती रीत घट्ट केली गेली. किल्टमधला तो भेद तिकडे शोभा मानला गेला, धोतरातला भेद इकडे फूट मानली गेली. तिथल्या भेदात कोणी कोणाची सावली टाळत नव्हते, म्हणून हा फरक रास्तही आहे.

मुलींची गोष्ट या सिद्धांताला छेद देते असे कोणी म्हणेल. गाइड चळवळीत शिक्षिकांना साडी गणवेश म्हणून चालली. साडीला कोणत्या पलटणीने शिक्का दिला होता? कोणत्याच नाही. पण बाईकडून संचलनाची अपेक्षाच नव्हती. तिने घरचे, देशीपणाचे रूप सांभाळावे आणि पुरुषाने कचेरीत, मैदानात नवे रूप घ्यावे, ही वाटणी त्या काळच्या सुधारकांना आणि सनातन्यांना सारखीच मान्य होती. बेळगावच्या अधिवेशनात उमाबाई कुंदापूर यांनी स्वयंसेविकांची फळी उभी केली तीही साडीत, आणि कामात त्या कुठे कमी पडल्या असे कोणी म्हटले नाही. नऊ वारांचा काष्टा घालून बाई पहाऱ्यावर उभी राहू शकत होती, तर तिच्या भावाचे धोतर अडचणीचे कसे, हा प्रश्न त्या मांडवात कोणी विचारायला हवा होता.

स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 रोजी वेगवेगळ्या संघटना एक होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स झाली. राजनिष्ठेची शपथ गेली. गणवेश ठरवणारे आता आपलेच होते, कुंझरूंसारखे सेवा समितीतून आलेले. धोतराचा विचार तेव्हाही झाला नाही, आणि तोवर तो करण्यासारखाही राहिला नव्हता, कारण शाळेत जाणाऱ्या पोरांच्या अंगावरून धोतर उतरले होते. पुढे 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले, शाळांवरचे शिक्षणखाते बदलले, महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव कर्नाटकाला असे सांगितले, ते महाराष्ट्राला मानवले नाही. तेव्हापासून दर 1 नोव्हेंबरला या शहरात एका रस्त्यावर लाल-पिवळे झेंडे असतात आणि दुसऱ्यावर काळ्या फिती. इतक्या गोष्टींवर रंग चढलेल्या गावात बालवीराची राखाडी-निळी वर्दी अजून कोणाचीच नाही, ही तिची जमेची बाजू आहे आणि ती मी मघाशीच मान्य केली.

धोतर मात्र आता किल्टच्याच वाटेने चालले आहे, दोनशे वर्षे उशिरा आणि छावणीशिवाय. शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी निऱ्या आधीच शिवलेली, नाडी ओढली की झाले अशी तयार धोतरे बाजारात टांगलेली असतात. पोरे ती चढवून मावळे होतात आणि संध्याकाळी पुन्हा जीन्समध्ये येतात. स्कॉटलंडात किल्ट लग्नाला नेसतात तसेच हे.

या विषयाचा खरा पुरावा नियमांच्या पुस्तकांत थोडा आहे आणि शाळांच्या जुन्या गटफोटोंत पुष्कळ. पहिल्या रांगेत चड्डीतले बालवीर, मागे फेटा आणि धोतरातले मास्तर, खुर्चीवर कोट-पाटलोणीतले इन्स्पेक्टर, असे फोटो बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणीच्या शाळांत आणि घरांत अजून असतील. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी फोटोच्या मागे साल, शाळा आणि पथकाचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवावे, आणि फोटो रद्दीत घालण्यापूर्वी गावच्या वाचनालयाला एकदा विचारावे.